टाटाला जाणारी पोरं आणि सोलापुरातला एक तास

सोलापूर स्टेशनवर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटायच्या आधी थोडा वेळ उभं राहिलं, तर बऱ्याचदा एक कुटुंब नजरेस पडतं. पाच-सहा वर्षांचं पोर, भर मे महिन्यात डोक्याला लोकरी टोपी, तोंडाला मास्क. आईच्या हातात फायलींची जाड पिशवी. बापाच्या खांद्यावर चादरीत बांधलेली वळकटी, त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असणार हे न बघताही सांगता येतं. कुठं निघालात विचारलं की एकच शब्द येतो, ‘टाटाला’. म्हणजे मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात. आपल्या जिल्ह्यात ह्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा झाली. तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडायची, त्यातली २०० पहिल्याच वर्षात. ते वाचून आमच्या शेजारच्या काकांनी मला अडवलं. “काय ओ, म्हणजे आता लहान पोरांना मुंबईला न्यायची गरज नाही म्हणा की.”

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही अर्धंच खरं. नीट उत्तर द्यायचं तर थोडं मागून यावं लागेल.

पोराला कॅन्सर होतोच कसा? ना तंबाखू, ना दारू

पहिला घोळ इथंच होतो. कॅन्सर म्हटलं की आपल्याला मावा खाणारा माणूस आठवतो. मोठ्या माणसाचा कॅन्सर म्हणजे तीस वर्षं चाललेला माग. झिजत झिजत एक दिवस कापड बिघडायला लागतं. लहान मुलाचं तसं नसतं. तिथं माग नवा कोरा, आणि चूक थानाच्या पहिल्या हातभरातच झालेली असते. शरीर वाढत असताना पेशी झपाट्यानं दुप्पट होत असतात, त्यात एखाद्या पेशीच्या आतला नमुना बिघडतो आणि ती थांबायचं विसरते.

शंभरातल्या साधारण दहा मुलांत ह्यामागे जन्मजात आनुवंशिक दोष सापडतो. बाकीच्यांत बोट दाखवावं असं काही हाती लागत नाही. आईनं गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, ह्याचा काडीचा संबंध नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण घरात पोराला कॅन्सर निघाला की पहिलं खापर सुनेच्या डोक्यावर फुटतं.

मुलांचे कॅन्सरही वेगळे. सुमारे एक तृतीयांश रक्ताचे, म्हणजे ल्युकेमिया. मग मेंदूतल्या गाठी, लसिका ग्रंथींचे कॅन्सर, मूत्रपिंडाचा, डोळ्याच्या पडद्याचा, हाडांचा.

आता ह्या रोगाची एक बरी बाजू. ज्या पेशी भराभर वाढतात, त्यांच्यावर औषधाचा मारही जोरात बसतो. म्हणून मुलांचे बरेचसे कॅन्सर मोठ्यांच्या मानानं जास्त बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातले ८० टक्क्यांहून जास्त बरे होतात. कित्येक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा आकडा ३० टक्क्यांच्याही खाली आहे.

रोग तोच, मग पन्नास टक्के पोरं मध्येच कुठं हरवतात?

आपल्याकडे औषधं नाहीत म्हणून?

बहुतेकांना असंच वाटतं. परदेशात काहीतरी नवं, महागडं इंजेक्शन निघालंय आणि ते आपल्याला परवडत नाही. मोठ्यांच्या काही कॅन्सरमध्ये हे खरंही आहे. मुलांच्या ल्युकेमियाचं मात्र उलट आहे. तिथली मुख्य औषधं आपल्या आजोबांच्या वेळची आहेत, आणि त्यांच्या गोष्टीची एक गाठ आपल्या गिरणी कामगारांशी बांधलेली आहे.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय व्हायचा, त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टचा अर्क दिला की ह्या बायका सुधारतात असं त्यांना दिसलं. त्या अर्कातला गुणी पदार्थ पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज आशाताई गरोदर बाईला गोळी देतात, त्यातलं हेच. रक्ताच्या पेशी वाढायला हे लागतं. मग अमेरिकेत सिडनी फार्बर ह्या डॉक्टरांनी उलटा विचार केला. ल्युकेमियात रक्ताच्या पेशी बेफाम वाढतात, तर हे खाद्यच तोडलं तर? फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं पण त्याचं काम बंद पाडणारं रसायन त्यांना मिळालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव ह्या आंध्रातल्या शास्त्रज्ञाच्या चमूकडून. १९४८ मध्ये फार्बर यांनी निकाल छापले. मुलं सुधारत होती. काही महिनेच, पण सुधारत होती. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

दुसरं औषध व्हिन्क्रिस्टिन. ते निघतं सदाफुलीपासून. हो, तीच, दारातल्या डब्यात लावलेली. (इथं थांबून सांगतो, सदाफुलीची पानं चावून काहीही होत नाही, झालंच तर विषबाधा. टनभर वाळल्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम औषध हाती येतं.) हे औषध १९६० च्या दशकापासून आहे. रोजची जी मुख्य गोळी आहे, मर्कॅप्टोप्युरिन, ती १९५० च्या दशकातली.

ह्यातल्या कशावरही आता पेटंट नाही. भारतातल्या कंपन्या ही औषधं बनवतात आणि जगाला विकतात. नॅशनल कॅन्सर ग्रिड ह्या देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यानं ४० औषधांची एकत्र खरेदी केली तेव्हा ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे वाचले. म्हणजे औषधाची किंमत हा डोंगर नाही. गुणवत्ता आणि नियमित पुरवठा ह्यांत अडचणी आहेत. जुन्या, स्वस्त औषधात नफा कमी, त्यामुळे ती मध्येच बाजारातून गायब होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतलं सेंट ज्यूड रुग्णालय ह्यांनी गरीब देशांना मुलांची कॅन्सरची औषधं फुकट पुरवायची योजना त्यासाठीच आखली. २०२५ मध्ये मंगोलिया आणि उझबेकिस्तानला पहिली खेप पोचली.

मग पोरं हरवतात कुठं?

जवळजवळ निम्मी तर दारातच. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानं गणित मांडलं होतं. २०१५ मध्ये जगात सुमारे ३ लाख ९७ हजार मुलांना कॅन्सर झाला असणार, पण निदान झालं फक्त २ लाख २४ हजारांचं. उरलेली ताप, टायफॉईड, क्षय, ‘अंगात रक्त कमी’ अशा नावांखाली गेली. कित्येकांना नावही मिळालं नसेल.

ह्यात गावातल्या डॉक्टरचा दोष किती? त्याच्याकडे पावसाळ्यात दिवसाला पन्नास तापाची पोरं येतात. त्यातलं कॅन्सरचं पोर त्याला सगळ्या कारकिर्दीत एकदा-दोनदाच भेटणार. एखाद्या तापाच्या पोराला दोन आठवड्यांत फरक पडत नाही, चेहरा पांढराफटक पडत जातो, न लागताही अंगावर निळे डाग उठतात, रात्री पाय दुखतात म्हणून ते रडतं. तेव्हा फक्त एक साधी रक्ततपासणी सुचायला हवी. आंघोळ घालताना पोटाच्या एका बाजूला गोळा लागणं, रोज सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होणं, मोबाईलच्या फ्लॅशमध्ये एका डोळ्यात मांजरासारखी पांढरी चमक दिसणं, हीदेखील धोक्याची चिन्हं. डोळ्याचा हा कॅन्सर वेळेत सापडला तर जीव जवळजवळ नक्की वाचतो, बऱ्याचदा डोळाही.

आणि मोठ्या रुग्णालयांच्या भारतीय नोंदी चाळल्या तर मुली अपेक्षेपेक्षा कमी दिसतात. मुलींना हा रोग इतका कमी होत नाही. त्यांना गाडीत बसवलं जात नाही.

शेत साफ दिसतं, पण हरळी गेलेली नसते

मला विचाराल तर सगळ्यात जास्त समजून घ्यायची जागा ही.

मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा ल्युकेमिया म्हणजे एएलएल. त्याचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. उपचाराचं जे ठरलेलं वेळापत्रक असतं, कुठल्या आठवड्यात कुठलं औषध किती, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. पहिला महिना जड जातो. इंजेक्शनं, रक्त चढवणं, पाठीच्या मणक्यातून औषध. पण महिनाअखेर शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर दिसेनासा होतो. ह्याला रेमिशन म्हणतात. पोर हसायला लागतं, भाकरी मागतं, चेहऱ्यावर तेज येतं.

इथंच घात होतो. ज्यानं शेत केलंय त्याला हरळी ठाऊक आहे. वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं. पण मुळी जमिनीखाली असते, आणि एक पाऊस पडला की पुन्हा हिरवंगार. रेमिशन म्हणजे वरची खुरपणी. नंतरची दोन वर्षं ती मुळी मारायची असते. त्यातला शेवटचा लांब टप्पा तर घरीच, रोज एक गोळी आणि आठवड्यातून एकदा दुसरी गोळी, एवढ्यावर चालतो.

आता घरचं चित्र बघा. आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर. मुंबईत राहिले तेव्हा दोघांची मजुरी बंद. गावाकडे थोरली मुलगी आजीजवळ, तिची शाळा बंद पडायच्या बेतात. सावकार दारात. आणि समोर पोर तर ठणठणीत दिसतंय. कुणीतरी सांगतं, अमक्या गावचा वैद्य उरलेलं काम झाडपाल्यानं करतो. पुढची तारीख चुकते. सलग चार आठवडे किंवा जास्त उपचार चुकले की डॉक्टरी भाषेत त्याला ‘उपचार सोडणं’ म्हणतात. मुळी पुन्हा फुटते आणि ह्या वेळी औषधाला दाद देत नाही.

अशा आईबापाला अडाणी म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. दोन पोरांतल्या एकाचं भविष्य विकून दुसऱ्याला वाचवायचं, आणि ते दुसरं तर समोर खेळतंय, हा हिशेब शिकलेल्या माणसालाही सुटला नसता.

सरकारी योजना आहेत ना?

आहेत, आणि त्यांनी बराच फरक पडला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, त्यात कॅन्सरही येतो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत.

पण योजना इस्पितळाचं बिल भरते. परळच्या फुटपाथवरच्या रात्री, दोघांची बुडालेली मजुरी, पोराला उकळलेलं पाणी आणि ताजं जेवण, हे कुठल्या बिलात बसवणार? केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, चालू असलेलं पोर गर्दीत, धुळीत राहिलं की जंतुसंसर्ग ठरलेला.

ह्याच फटीत काम करून ज्यांनी आकडे बदलले, ते लोक बघण्यासारखे आहेत. ब्राझीलमधलं रेसिफे शहर, तिथला गरीब भाग. तिथल्या रुग्णालयानं सेंट ज्यूडच्या मदतीनं मुलांचा खास विभाग उभारला आणि त्याबरोबर राहायची सोय, प्रवासखर्च, जेवण, समाजसेवक, आणि तारीख चुकली की घरी शोध, हे सगळं जोडलं. उपचार सोडणारी मुलं १६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. एएलएलमध्ये पाच वर्षं रोग न उलटता जगणारी मुलं ३२ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. औषधांची मूळ यादी साधारण तीच जुनी.

आपल्याकडेही असंच. मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया ही संस्था (अमेरिकेतलं रुग्णालय वेगळं) उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना फुकट राहायला जागा देते. टाटा रुग्णालयानं मुलांच्या विभागासाठी स्वतंत्र मदतयंत्रणा बसवली, आणि पूर्वी पाचातलं जवळपास एक पोर उपचार सोडून जायचं, ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं. खोली, जेवण, तिकीट आणि “ताई, परवा तारीख आहे, विसरू नका” असा फोन.

सोलापुरातच सगळं का उभारत नाहीत?

काकांचा प्रश्न. ढोबळ हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या वर होती. त्यात चौदा वर्षांखालची मुलं बारा लाखांच्या आसपास धरा. दहा लाख मुलांमागे वर्षाला १०० ते १४० नवे कॅन्सर धरले, तर अकरा तालुक्यांत मिळून वर्षाला एकशेवीस ते एकशेसत्तर पोरं. त्यातली चाळीस-पन्नास ल्युकेमियाची. डोळ्याच्या कॅन्सरची मोजून पाच-सहा. आता वर्षाला पाच मुलांसाठी डोळ्याच्या कॅन्सरचा स्वतंत्र तज्ज्ञ ठेवला तर त्याचा हात कधी बसणार? दुर्मीळ रोगात जिथं जास्त रुग्ण, तिथंच कसब. अवघड शस्त्रक्रिया, निदानातले बारकावे, प्रोटोकॉल ठरवणं, ही कामं मोठ्या केंद्रातच बरी.

पण दोन-अडीच वर्षांतला फार मोठा भाग अवघड नसतो. रक्त तपासणं, सोपं इंजेक्शन देणं, गोळ्यांचा डोस बघणं. त्यासाठी साडेचारशे किलोमीटर जायचं म्हणजे सायकलचं पंक्चर काढायला पुण्याला जाण्यासारखं. अवघड ते तिकडे, सोपं ते घराजवळ, आणि दोन्हीकडचे डॉक्टर एकाच वहीत लिहिणार, ह्याला वाटून घेतलेली काळजी म्हणू. निकाराग्वा आणि इटलीतल्या मोंझा शहराच्या रुग्णालयांनी १९८६ पासून अशी जोडी जमवली, तीही दोन खंडांत. सोलापूर-मुंबई त्या मानानं शेजार.

आपल्या जिल्ह्याला ह्याची सवयही आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, कॅन्सरची चिन्हं सांगायचे, रुग्णांची नोंद करायचे. त्या नुसत्या बोलण्यानं बायकांचे गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडायला लागले, हे शास्त्रीय नियतकालिकांत छापून आलेलं आहे.

केमोनंच मुलं जातात म्हणतात, ते?

हे लोक उगाच म्हणत नाहीत. त्यात अर्ध सत्य आहे, आणि ते लपवून उपयोग नाही.

केमो कॅन्सरच्या पेशी मारताना रक्तातल्या चांगल्या पांढऱ्या पेशीही मारते. ह्या पेशी म्हणजे शरीराची राखण. ती नसताना एरवी किरकोळ असणारा जंतू काही तासांत सगळ्या रक्तात पसरतो. म्हणून केमोवरच्या पोराला १००.४ च्या वर ताप चढला तर तो ताप समजायचा नाही, घराला लागलेली आग समजायची. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा जगभर मान्य दंडक आहे. गरीब देशांत मुलं औषधानं जातात असं जे दिसतं, त्यातली बरीच ह्या तासात गेलेली असतात. म्हणूनच अशा देशांसाठी तज्ज्ञांनी थोडे सौम्य प्रोटोकॉलही आखले आहेत. जिथं राखण कमकुवत, तिथं सगळ्यात कडक उपचार सगळ्यात चांगला नसतो.

सांगोल्याच्या वाडीवरचं पोर त्या तासात मुंबईला पोचणार नाही. ते जाणार जवळच्या दवाखान्यात, आणि तिथं बहुधा म्हणतील, “केमोचं आहे होय? टाटालाच न्या.” कुणी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायला सांगेल. वाचू शकणारी पोरं अशी जातात.

एवढे प्रश्न असताना ह्यावरच पैसा का?

कुपोषण आहे, साथी आहेत, हे खरंच. पण त्या कमी होतात तसा उरलेल्या बालमृत्यूंत कॅन्सरचा वाटा वाढतो. २०२० मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं मांडलेला हिशेब असा, की मुलांच्या कॅन्सरवर नीट लावलेला एक डॉलर समाजाला तीन डॉलर परत देतो, कारण सहा वर्षांचं वाचलेलं पोर पुढं चाळीस-पन्नास वर्षं कमावतं. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं वाचावीत हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलेलं लक्ष्य आहे, आणि त्यासाठी निवडलेल्या सहा कॅन्सरांत एएलएल आणि डोळ्याचा कॅन्सर दोन्ही आहेत.

तर काका, डे-केअरचं

डे-केअर म्हणजे सकाळी यायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं, संध्याकाळी घरी. मोठ्या माणसांच्या कॅन्सरला ह्याचा सरळ फायदा. मुलांनाही होईल, पण तिथली परिचारिका चार वर्षांच्या पोराची शीर शोधू शकत असेल, डोस पोराच्या वजन-उंचीवरून काढता येत असेल, आणि मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लावलेला असेल तरच.

केंद्र सुरू होईल तेव्हा तिथं जाऊन मी एवढंच विचारणार आहे. संध्याकाळी तुम्ही कुलूप लावून गेल्यावर, रात्री दोन वाजता ताप चढलेलं पोर कॅज्युअल्टीत आलं, तर तिथल्या ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरच्या हातात कागद आहे का, कुठलं अँटिबायोटिक, किती, आणि ते त्या वेळी कपाटात आहे का, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे.